भाऊजींची नाडी

आमचे भाऊजी खाटीक. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वजनावरून वाद घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं नाक त्यांनी तराजूच्या पारड्यानेच फोडलं होतं. घरी त्यांना पारडंही लागत नसे. माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, डावा कान त्यांच्या एका थपडेने कायमचा गेला. मला या माणसाचा तिटकारा होता आणि आहे, उगाच गोड बोलणार नाही.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? इस्पितळातून घरी आल्या आल्या चहा गार म्हणून कप भिंतीवर फुटला. डॉक्टरांनी मात्र ताईला बजावलं होतं, "हृदयाच्या रोग्याची आराम करतानाची नाडी जितकी जलद, तितका पुढचा धोका जास्त. रोज सकाळी, ते उठायच्या आधी मोजा आणि मला कळवा."

ताई रोज पलंगाच्या कडेला बसे. आयुष्यभर जो हात चुकवला तोच मांडीवर घेई, मनगट दाबून धरी आणि घड्याळाकडे बघत मोजे. आकडा नव्वदच्या खाली येईना.

"नीट मोज, भवाने! माझ्या मरणावर टपलीयेस!" भाऊजी खेकसत. एकदा त्यांनी तिचा हात असा पिरगाळला की मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चढला. ती घाबरून डॉक्टरांना फोन करी, आणि डॉक्टर नाडी मंदावणारी गोळी वाढवत.

"मरू दे की गं," मी एकदा म्हटलंच.

"मरू देत. पण माझ्या हातून नको," ती म्हणाली.

एका दुपारी भाऊजी दुकानात बकरं तोडता तोडता कोसळले. हातातला सत्तूर त्यांच्याच मांडीत घुसला. लादीवरचं रक्त बकऱ्याचं किती आणि त्यांचं किती, सांगता येईना. इस्पितळात कळलं, नाडी पार चाळिशीच्या खाली गेलेली. गोळ्या जास्त झाल्या होत्या.

"घरी कोण मोजायचं?" नर्सने विचारलं. "दाखवा बरं कसं."

ताईने भाऊजींच्या मनगटात अंगठा रुतवला.

"अंगठ्याने? अहो बाई, अंगठ्यात आपलीच नाडी उडते! बोटांनी मोजतात. इतके दिवस तुम्ही स्वतःचीच मोजत होता."

हात पिरगाळल्यावर आकडा का चढला, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

भाऊजींना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते उसळले. सलाइनची सुई उपटून त्यांनी हात उगारला, चादरीवर रक्त उडालं. "माझा जीव घेत होतीस, सटवे!"

ताई जागची हलली नाही.

"तुमचा जीव सलामत आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी माझा जात होता. तुमच्या शेजारी बसून."

तिने चपला पायांत सरकवल्या. मी तिची पिशवी उचलली.

"अगं, उद्या माझं कोण बघणार?" भाऊजी मागून ओरडले. त्यांचा आवाज घाबरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ती थांबली नाही.