दयाळाचं खोकं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या यांना अर्धं माहीत होतं, आणि ते अर्धं ते जाताना सोबत घेऊन गेले. उरलेलं अर्धं माझ्याजवळ आहे, आणि तेच मोठं आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगून राहिले. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलायची हिंमत माझ्यात आजही नाही, तेवढं आधीच सांगून ठेवते.

गोष्ट एका लाकडी खोक्याची आहे. पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून केलेल्या खोक्याची. हसू नका, रांझीच्या कारखान्याच्या क्वार्टरांत त्या खोक्यानं माझं नाव झालं होतं. हे कारखान्यात होते. तिथली जुनी पॅकिंगची खोकी भंगारात निघायची आणि त्यांच्या फळ्यांतून आमच्या लाइनीत सगळं व्हायचं, कपाटं काय, कोंबड्यांची खुराडी काय. मी माहेरी वडिलांजवळ करवत धरायला शिकले होते. सासरी त्याचं कौतुक कुणाला? पण मी फळ्या कापल्या, रंधा मारला, पुढच्या फळीला पेल्याच्या तोंडाहून लहान भोक पाडलं. मागची फळी बिजागरीवर बसवली, म्हणजे पिल्लं उडून गेली की जुना काडीकचरा काढून खोकं धुता येतं. आणि पेरूच्या झाडावर सावलीत टांगलं.

पहिल्या वर्षी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी दयाळाची जोडी आली. काळा-पांढरा, शेपटी वर उडवणारा पक्षी, आमच्याकडचे हिंदी लोक त्याला दहियर म्हणतात. सकाळी असा गायचा की मागच्या घरचे मिश्राजी कुंपणाशी येऊन म्हणायचे, "भाभीजी, आपके यहाँ तो रेडियो लगा है।" मला किती बरं वाटायचं! मॅट्रिक झालेली, चुलीपुढची बाई मी. माझ्या हातचं काहीतरी बघायला लोक येतात, याची मला चटक लागली. हो, चटकच म्हणायची.

म्हणून तर चौथ्या वर्षी मी खोकं नवीन केलं. जुनं छप्पर पावसानं फुगलं होतं, हे खरं. पण वर नुसती फळी ठोकायची सोडून मी चकचकीत टिन ठोकलं. फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट आतून-बाहेरून फासला. आणि पेरूवरून काढून स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला लावलं, खिडकीतून पाहुण्यांना दाखवता यावं म्हणून. पक्ष्यांची सोय बघितली का मी? नाही बघितली.

आता सुमनताईबद्दल सांगायला पाहिजे. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

भिंतीला भिंत लागून तिचं क्वार्टर. वर्ध्याकडचं बौद्ध कुटुंब. नवरा गेल्यावर ती नोकरीला लागली, रोज बसनं जायची. बी.ए. झालेली होती. मुलगा नागपूरला शिकायला. घरात ती आणि तिची मांजर, बिट्टी. मला टायफॉइड झाला तेव्हा ऑफिसातून आल्यावर ती माझ्या उशाशी बसायची. बरी झाल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचं जेवायचे, आणि घरी येताना नळावर चूळ भरायचे, सासूबाईंना वास यायला नको म्हणून. त्या चूळ भरण्याची मला तेव्हा लाजही वाटली नाही. सुमनताईनं एकदा बघितलं होतं. बोलली नाही.

खोक्याबद्दल मात्र बोलली. वर बघून म्हणाली, "निर्मला, टिन तापते ना गं. वरून दोन भोकं पाड, नाही तं ओलं पोतं टाक. जीव राहतील का अशा उन्हात?"

एवढंच. काय चुकीचं बोलली? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला सगळंच कसं माहीत? हिनं कधी करवत हातात धरली का? मी म्हटलं, "ताई, दोन वर्षं झाली माझ्याकडे पिल्लं निघून राहिली." ती "चलो, ठीक आहे" म्हणाली आणि आत गेली. पोतं माझ्या न्हाणीतच पडलं होतं. मी ते टाकलं नाही. विसरले नव्हते. तिनं सांगितलं, म्हणून टाकलं नाही.

त्या खोक्यातही जोडीनं घरटं केलं. मे महिन्यातल्या एका दुपारी दयाळाची मादी तारेवर बसून ओरडत होती. चोचीत अळी होती, तरी आत जाईना. मी स्टूल ठेवून वर चढले. छपराला बोटं लागली आणि चटका बसला. मागची फळी उघडली. तिन्ही पिल्लं मेलेली होती. चोची उघड्या, माना लांब करून तिघंही भोकाकडे सरकलेली.

इथे थांबले असते तर ती नुसती चूक ठरली असती. चुका कोणाच्या हातून होत नाहीत? पण मला रडू आलं नाही, मला घड्याळ आठवलं. संध्याकाळी सुमनताई बसमधून उतरणार, फाटकातून येता येता आधी खोक्याकडे बघणार. ती काही म्हणाली नसती. नुसती बघून गप्प राहिली असती, आणि तेच मला नको होतं.

मी पिल्लं फडक्यात गुंडाळून नाल्यात टाकली. खोकं खिळ्यावरून काढून खाली आपटलं, फळी मोडली. घरट्यातलं गवत अंगणभर पसरलं. आणि मग ओरडले.

मिश्राजी आले, लाइनीतल्या दोन बायका आल्या. बिल्लीचंच काम, असं त्यांनीच ठरवलं. कोणाची बिल्ली, हे कोणी बोललं नव्हतं. मी बोलले. "उनके घर में गोश्त पकता है, बिल्ली को चस्का तो लगेगा ही।" हे मी म्हटलं. जिच्या ताटात मी जेवले तिच्याबद्दल. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हे वाक्य त्यांच्या मनात तयारच होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर मी ते वापरलं.

सुमनताई आली, अंगण बघितलं आणि खाली बसली. एकेक गवताची काडी उचलत राहिली. मग घरी गेली, आणि भिंतीपलीकडून मला बिट्टीचा आवाज ऐकू आला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या मांजरीला मारलं होतं, चपलेनं. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मिश्राजी म्हणाले, मांजराला नदीपार सोडा, नदी ओलांडून मांजर परत येत नाही. हे रजेवर होते, स्कूटर काढली. पण बिट्टीला धरणार कोण? ती कोणाच्या हाती लागायची नाही. सुमनताईच्या आणि माझ्या, बस. मी वाटीत दूध घेतलं आणि रोजच्यासारखी हाक मारली. रोजच्यासारखीच आली ती. शेपटी वर करून.

रांझीपासून नदीवरच्या तिलवाऱ्यापर्यंत पोतं माझ्या मांडीवर होतं. आधी धडपडली, मग माझा वास लागला असेल, गप्प बसली. पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला मी पोत्याचं तोंड सोडलं. मला वाटलं होतं, पळून जाईल. ती माझ्या पायाशी बसून अंग चाटायला लागली. हे म्हणाले, "चल, बस लवकर." मी बसले. यांना शेवटपर्यंत हेच वाटत होतं की बिट्टीनं पिल्लं खाल्ली होती.

संध्याकाळी सुमनताई माझ्याच दारात आली. "निर्मला, बिट्टी नाही दिसून राहिली. तुझ्या हाकेला येते ती. चालतेस का?"

आणि मी गेले. हो. चपला घालून गेले. रांझीच्या गल्ल्यांतून, बाजाराच्या मागून, तिच्या जोडीनं मी बिट्टीला हाका मारत हिंडले. माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता. एका दिवसापुरतं नाही, ती म्हणेल तेव्हा जात राहिले. परतताना ती एकच बोलायची, "काहून मारलं मी तिले? मारलं म्हणून रागावून गेली." आणि मी म्हणायचे, मांजराचं काही खरं नसतं, ताई. काय अडलं होतं माझं? एक वाक्य तर बोलायचं होतं. रस्ताभर ती रडायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

मोडकं खोकं मी चुलीत घातलं. पुन्हा केलं नाही. लोकांना वाटलं, बिचारीला पिल्लांचा धसका बसला. सुमनताईलाही तेच वाटलं. तिनं दुसरी मांजर कधी पाळली नाही. कुणी पिल्लू आणून दिलं तरी म्हणायची, माझा हात चांगला नाही.

रिटायर होऊन ती नागपूरला मुलाकडे गेली. मागे ती फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. गाडीत ठरवलं होतं, आज सांगायचं. सगळं सांगायचं. खाटेवर ती एवढीशी झाली होती. सून बाहेर गेली, खोलीत आम्ही दोघीच. मी तोंड उघडणार तोच तिनं माझा हात धरला. म्हणाली, "निर्मला, एक राहून गेलं. माझ्या बिट्टीनं तुझी पिल्लं खाल्ली. मी कधी नीट माफी नाही मागितली तुझी. केलं ना माफ?"

आता तरी बोलायचं होतं ना? याहून सोपं कोण करून देणार होतं?

"केव्हाच केलं, ताई," मी म्हणाले.

ती म्हणाली, "तुझं मन मोठं आहे." मी नाही म्हटलं नाही.