चौदा हातांची घोडी

आमची घोडी चौदा हातांची होती, असं बाबा सांगायचे. अभिमान केवढा! पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या नंतर जायचा, घोडीची उंची आधी कानावर पडायची. पुढं घोडी म्हातारी होऊन गेली, मग बाबाही गेले. दोघांचा मिळून एक फोटो नाही, हे मला अजून सलतं.

यंदा घराचं रंगकाम काढलं, तेव्हा आईनं हट्टच धरला. ओसरीच्या भिंतीवर आपली घोडी काढायची, आणि तीही होती तेवढीच उंच. गंगाखेडहून आलेल्या पेंटरनं विचारलं, "मावशी, उंची किती धरू?"

"चौदा हात."

पेंटर शिडीवरून पडायचाच बाकी राहिला. आपल्याकडं हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. "मावशी, घोडी हाय का देवळाचं शिखर? छपराच्या लय वर जाईल की!"

मला हसू आवरेना. घोड्यांच्या बाजारातला हात म्हणजे अंगठ्यासकट आडवा पंजा. जमिनीपासून घोड्याच्या खांद्यापर्यंत पंजावर पंजा ठेवत जायचं. एवढं त्याला समजावून मी ऐटीत मोबाइल काढला. एक हात म्हणजे दहा पूर्णांक सोळा शतांश सेंटिमीटर. चौदानं गुणलं, एकशे बेचाळीस आले. पेंटरनं टेप लावून खडूची रेघ मारली.

आई रेघेसमोर जाऊन उभी राहिली. "न्हाई. एवढी बुटकी नव्हती."

"अगं, साऱ्या जगाचं माप आहे ते."

"जगानं मोजली व्हती का? तुज्या बाबांनी मोजली."

बाबांचा पंजा चांगलाच रुंद होता. लहानपणी मला ताप आला की ते कपाळावर हात ठेवायचे, तर डोळेसुद्धा झाकून जायचे. त्या पंजाचे सेंटिमीटर कुणी मोजून ठेवले नाहीत. मी मोबाइल ठेवून दिला. तो हात मला एकदा, एकदाच, परत हवा होता.

"वर घे," आई पेंटरला म्हणाली. त्यानं रेघ पुसून वर मारली.

"अजून."

तो माझ्याकडं बघायला लागला. घ्या, म्हटलं. रेघ आईच्या डोक्याच्याही वर गेली.

"आई, काय बघायलीस?"

"घोडीचं अंग घासायला, खरारा करताना ते तिकडच्या अंगाला असायचे, मी इकडं. टाचा उचलल्या तरी दिसायचे न्हाईत. नुसता आवाज यायचा."

तिनं भिंतीला एक हात टेकला, टाचा उचलल्या आणि रेघेकडं मान वर करून पाहिलं.

"आता न्हाईत दिसत," ती म्हणाली. "बरोबर हाय. रंगव."