पाच गुणांच्या प्रश्नासाठी किनवट ते लातूर

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. मी हदगावहून कागदाचा कारखाना बघायला निघाले. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, 'बांबूचं जंगल आणि पाणी जिथे, कागदाचा कारखाना तिथे' असं फळ्यावर लिहून खडू झिजवले, पण कारखाना कधी पाहिला नव्हता. त्यात मिलिंदचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी. लातूरला त्याचा पुठ्ठ्याचा छोटा कारखाना आहे, आणि तो नांदेडला हलवावा का, हे त्याला मला विचारायचं होतं. एवढा मान मिळाल्यावर घरी कोण बसेल?

पुस्तकाप्रमाणे आधी किनवट गाठायचं ठरवलं. एसटीत बाई म्हणून मला अर्धं तिकीट. सोबत आलेल्या आमच्या ह्यांना पासष्ट व्हायला दोन वर्षं कमी, म्हणून पूर्ण. हा अन्याय ते किनवट येईपर्यंत ऐकवत होते. तिथे जंगल होतं, बांबू होता, कारखाना नव्हता. बाजारात सुपं विणणाऱ्या आजोबांना विचारलं, तर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"सुपाटोपल्यालाच बांबू पुरना गेलाय, कागदाला कुठून आणू?"

हे मुद्दाम खोकले.

तिथून रेल्वेनं नांदेड. गुरुद्वाऱ्यात लंगरचं जेवण चुकवू नका. पोट भरतं आणि पाकीट हलत नाही. सकाळी गोदावरीच्या काठी उभं राहून मी मिलिंदचा कारखाना मनात बांधूनही टाकला. लातूरच्या बसला चारेक तास लागतात. सकाळी निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. अहमदपूरला चहा बरा मिळतो.

मिलिंदकडे पत्र्याची शेड, लगद्याचे हौद, बाहेर उन्हात वाळत घातलेले पुठ्ठ्याचे ताव. बांबूची काडीही नाही. होता तो रद्दीचा डोंगर, सगळा क्लासेसच्या नोट्स आणि सराव परीक्षांचा. डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं लिहितात आणि त्यावर मिलिंदचा कारखाना चालतो. काही क्लास आता टॅबवर गेलेत, तरी अजून भागतं. पाणी मात्र उन्हाळ्यात टँकरनं आणावं लागतं. आठवीत आपण 'कारखाना रद्दीजवळ असावा' असं लिहिलं होतं आणि बाईंनी शून्य दिलं होतं, याची त्यानं आठवण करून दिली. हे इतके हसले की तिकिटाचं दुःख विसरले.

नऊ बाया रद्दी निवडत होत्या. पिना आणि प्लास्टिक वेगळं काढायचं. एक तुकडा हौदात गेला तरी पुठ्ठा वाया. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या शेवंताबाई, वह्यांना प्लास्टिकची कव्हरं घालायला लावणाऱ्या मास्तरणींचा उद्धार करत होत्या. अशी कव्हरं मी दर सोमवारी तपासायची. गुपचूप खाली बसून मीही पिना काढू लागले.

"बाई, पाणी नांदेडला, रद्दी लातूरला," मिलिंद म्हणाला. "रात्रंदिवस इचार करून राहिलो. काय करू?"

मी घसा साफ केला. रद्दी ट्रकनं नेता येते, नदी हलवता येत नाही, सबब नांदेड. शेवंताबाईंचे हात थांबले.

"पाणी टँकरनं येतंय, मॅडम. आमाला नांदेडला कोण नेणार टँकरनं?"

कारखान्याला लागणाऱ्या गोष्टी फळ्यावर लिहिताना 'मजूर' मी नेहमी शेवटी लिहायची, घंटा होता होता. मला लाज वाटली, आणि मिलिंदलाही वाटली असावी. त्यानं हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. मग म्हणाला की या उन्हाळ्यात तरी इथेच राहू, हौदाचं पाणी गाळून पुन्हा वापरून बघू. त्यापुढचं त्यालाही माहीत नव्हतं. शेवंताबाईंनी पुढचा गठ्ठा ओढला.

घरी आल्यावर माळ्यावरचे माझ्या नोट्सचे गठ्ठे मिलिंदला पाठवायला काढले. पिना काढण्यात दुपार गेली, बोटं टोचून निघाली. तिथल्या बाया काढतील की, असं हे म्हणाले. मी यांच्या हातातही एक गठ्ठा दिला. शेवटी चिठ्ठी लिहिली: 'आठवीतल्या उत्तराला पाचपैकी तीन. उरलेले दोन शेवंताबाईंना.' सवयीनं स्टेपलरकडे गेलेला हात मागे घेतला आणि चिठ्ठी सुतळीत खोवली.