दोर्मिरच्या खालची ओळ

लेकीने स्पेनमध्ये लग्न केलं तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं होतं, "जावई आपलं जेवतो का?" भाषेचा विचार तेव्हा कोणीच केला नाही. तो नात बोलायला लागल्यावर करावा लागला. लेक तिच्याशी मराठी बोलायची, पण पोरगी उत्तरं स्पॅनिशमध्ये द्यायची, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं शेवगावात नुसती मान डोलवत बसायचो. मला फार चीड यायची. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं केलं, आणि स्वतःच्या नातीपुढे मुकी.

मग लेकीने स्पॅनिशचं पहिल्या पायरीचं पुस्तक मोबाईलवर पाठवलं. मी ते झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल मारून आणलं. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. म्हटलं, तुम्हीही बसायचं. शिकवायची मला एकच रीत ठाऊक: पाढ्यांसारखं मोठ्याने म्हणायचं आणि चुकलं की पहिल्यापासून.

साधी क्रियापदं ह्यांना पटकन आली. घोडं अडलं ते मधूनच रूप बदलणाऱ्यांवर. झोपणे म्हणजे दोर्मिर, पण मी झोपतो म्हणताना दुएर्मो, तो झोपतो म्हणताना दुएर्मे, आणि आम्ही झोपतो म्हटलं की पुन्हा आपलं सरळ दोर्मिमोस. पोदेर म्हणजे शकणे घ्या, केरेर म्हणजे हवं असणे घ्या, सगळ्यांची तीच तऱ्हा. हे वैतागायचे.

"लई वंगाळ भाषा हाय. 'मी' म्हणलं की वाकती, 'आमी' म्हणलं की सरळ चालती."

"नियमच आहे तो. म्हणा पुन्हा."

"म्हन्तो की. आधी च्या टाक."

वहीत मी सगळी रूपं पुस्तकाच्या क्रमाने लिहून दिली होती. दोर्मिरच्या खालच्या ओळीत मोरिर होतं. मरणे. बदलही अगदी तसाच: दुएर्मे, मुएरे. हे तेवढी ओळ गाळून पुढे जायचे. "पोरीशी बोलाया ते कशाला लागतंय," म्हणायचे. मीही आग्रह धरला नाही.

ह्यांचं स्पॅनिश म्हणजे पन्नासेक शब्द, तेही आपल्या हेलात. तरी नातीला माझ्यापेक्षा ह्यांचंच बोलणं कळायचं. हे मोबाईलपुढे पेरू धरून "किएरेस?" म्हणायचे, हवाय का, आणि ती तिकडे हवेत चावा घ्यायची. ह्या एका खेळावर दोघांचा अर्धा तास जायचा. मला थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला सांगू.

गणपती उठल्यावर आठवड्याभराने हे दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लेक तिसऱ्या दिवशी एकटीच आली. नात सात वर्षांची, ती तिच्या बापाजवळ राहिली. परत जाताना लेक म्हणाली, "आता तिला सांगते मी." मी तिला अडवलं. म्हटलं, "सुट्टीत येईल तेव्हा मी मांडीवर घेऊन सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस."

आमच्याकडे लांबच्या माणसाला मरण सरळ सांगत नाहीत. सासरी असलेल्या लेकीला तर नाहीच. माझे वडील गेले तेव्हा माहेरून, सोनईहून, मला न्यायला जीप आली होती. "दादांची तब्येत जरा जास्त हाय, चल," म्हणाले. वाटभर चौघं जण रस्त्याकडे बघत बसले होते, आणि मी त्यांना दवाखाना कोणता, डॉक्टर काय म्हणाले, असं विचारत होते. पिशवीत दादांसाठी मोसंबी घेतली होती. गल्लीच्या तोंडाशी माणसं बसलेली दिसली तेव्हा कळलं. त्या मोसंब्यांचा राग मला अजून येतो. आणि तरी वेळ आली तेव्हा मी तेच केलं. नातीला जपत होते असं मी सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे ते वाक्य मलाच तोंडातून काढायचं नव्हतं.

पहिल्या रविवारी तिने विचारलं, आबा कुठे? मी म्हटलं, दुएर्मे. झोपलेत. आमच्याकडे दुपार होती, हे दुपारी झोपायचेच, तिलाही ते माहीत होतं. पुढच्या रविवारी तेच. मग ती कुजबुजत बोलायला लागली, आबांची झोपमोड नको म्हणून. शाळेतलं, पडलेल्या दाताचं, सगळं कुजबुजत. मला नीट ऐकू यायचं नाही. मी मोबाईल कानाला लावायची आणि तिकडे तिला नुसता माझा कान दिसायचा. एकदा तिने शाळेच्या आधी, लवकर उठून कॉल लावला. आता तरी ते जागे असतील, असा तिचा हिशेब. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते. मी तरीही दुएर्मे म्हणाले.

वही घेऊन मी एकटी बसायची. व्याकरणात रडण्यासारखं काही नसतं, असं मी वर्गात पोरांना दटावायची. दोर्मिमोसपाशी मात्र मी रडले. 'आम्ही'ची सगळी रूपं पाठ होती आणि आता त्यांचं काहीच काम उरलं नव्हतं.

होळीच्या सुमारास लेकीला म्हटलं, "सुट्टीचं तिकीट काढलंस का? पोरीला सांगायचंय."

"आई, तिला दिवाळीतच सांगितलंय मी. तिने सरळ विचारलं, मला खोटं बोलवेना."

"मग ती अजून कुजबुजते कशाला?"

"ती म्हणाली, 'आजीला अजून कळलेलं नाही. तिला वाटतंय आबा झोपलेत. तू तिला काही सांगू नकोस, आपण सुट्टीत जाऊ तेव्हा मी सांगेन.'"

म्हणजे दिवाळीपासून ते सात वर्षांचं पोर मला जीपमधून नेत होतं. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ह्यांच्या खाटेवर बसून राहिले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी कॉल आला. तिने कुजबुजत "ओला" म्हटलं, म्हणजे त्यांचं हॅलो. वही मांडीवर उघडी होती, दोर्मिरच्या खालच्या ओळीवर माझं बोट. भूतकाळाचा धडा पुस्तकात फार पुढे होता, तिथवर मी पोचले नव्हते. मला जे येत होतं तेवढंच बोलले.

"आबा नो दुएर्मे. आबा मुएरे."

झोपलेले नाहीत, मरतात. चुकीचं होतं, मला माहीत होतं. तिने चूक काढली नाही. आधी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं, लेकीने होकारार्थी मान हलवली. मग ती रडली, आवाज न दाबता, भोकाड पसरून. मोबाईल माझ्या हातातच होता, कानाला लावावा लागला नाही.