करडईचं तेल आणि दुपारची झोप

भर दुपारी धडधाकट पुरुषमाणूस घरात झोपलाय म्हटलं की आमच्या वडगाव रासाईत लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर तो आजारी असणार, नाहीतर ऐतखाऊ. मी दोन्ही नव्हतो. मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे आणि माझी बऱ्याचदा नाईट असते. सकाळी घरी यायचं, आंघोळ करून चार घास खायचे आणि सगळं गाव कामाला लागलेलं असताना आपण अंथरुणात शिरायचं. शिरायचं एवढंच, झोप काही यायची नाही. शेजारचं कडबाकुट्टीचं मशीन, कुणाचा तरी ट्रॅक्टर, त्या ट्रॅक्टरवरची गाणी. डोळे मिटले तरी डोक्यात उजेड तसाच.

एका सकाळी परत येताना चौफुल्याच्या अलीकडं चालत्या मोटरसायकलवर माझा डोळा लागला. जाग आली ती उसाच्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी. गाडी खड्ड्यात, हँडल वाकडं, गुडघा सोललेला. ट्रॉलीवाल्यानं मला मनसोक्त शिव्या घातल्या आणि वर चहाही पाजला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आज वाचलात. उद्याचं काय?" आबा, म्हणजे माझे वडील, वाकड्या हँडलवर हात फिरवत कितीतरी वेळ अंगणात उभे राहिले.

कारखान्यात झोपेवर प्रत्येकाकडं औषध होतं. एक बिहारी सोबती तळपायाला सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल चोळायला सांगायचा. दुसऱ्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत होता, की रोज दोन चमचे घाण्याचं तेल पोटात गेलं की झोप सुधारते. मी तो गंमत म्हणून आबांना दाखवला. आबा कुठलीच गोष्ट गंमत म्हणून घेत नाहीत.

"बराबर बोलतोय गडी," ते म्हणाले. "पोटात तेल न्हाई तर झोप कुठनं यायची? आमच्या येळेला घाण्याचं करडईचं तेल व्हतं. मानूस पडला की झोपला."

"आबा, तवा मानूस दिसभर औत हाकत व्हता," मी म्हणालो.

"तू हाक मग औत," म्हणाले, आणि विषय संपला.

चार-आठ दिवसांत आबा शिरूरच्या लाकडी घाण्यावर करडई गाळून तेलाचा डबा आणि पेंडीचं पोतं घेऊन आले. करडई कुठली, हे मी विचारलं नाही. शेतकऱ्याच्या घरात बी-बियाणं कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात निघतंच. सकाळी मी आलो की आबा पितळी वाटीत तेल कोमट करून आणायचे. आधी स्वतः घोट घ्यायचे, मग मला द्यायचे. हे त्यांचं जुनंच आहे. नव्या बोअरचं पाणी असो नाहीतर कुणी दिलेला खरवस, पहिला घास आबांचा. त्यांना काही झालं नाही तर मग घरानं खायचं.

आणि सांगतो, मला झोप लागली. अशी लागली की ज्याचं नाव ते. नुसत्या तेलावर आबा थांबले नव्हते. एक रिकामं पोतं उसवून त्यांनी खिडकीला खिळे मारून लावलं, खोलीत अंधार केला. शेजाऱ्याला सांगून कडबाकुट्टी संध्याकाळवर ढकलली. बायकोला दुपारी मिक्सर लावायची बंदी. घरातली माणसं मयताच्या घरात असल्यासारखी कुजबुजत बोलायची. उठल्यावर माझं डोकं जड असायचं, जीभ जाडसर वाटायची, पण मी म्हणायचो, एवढ्या दिवसांची थकलेली झोप वसूल होतेय, थोडं जड होणारच. कारखान्यात मी तेलाचा भक्त झालो. दोघातिघांना बाटली भरून आणायचं कबूलही करून बसलो. ते तसंच राहून गेलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

घरात एकच जण या तेलाच्या विरोधात होतं. आमची म्हैस.

"पेंडीला तोंड लावीना ओ ती," बायको म्हणाली. "वास घेती आन् मान फिरवती."

"तिला सरकीची चटक लागलीया," आबा म्हणाले. "उपाशी ठिव एक दिस, खाईल गुमान."

म्हैस उपाशी राहिली, पण तिनं खाल्लं नाही. आम्ही हसलो.

एके दिवशी मी उठलो तेव्हा उन्हं कलली होती. घरात चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्यात पाणी टाकून धुतल्याची ओल होती. शेजारच्या काकू अंगणात आमच्या म्हशीला चारा टाकत होत्या. मला बघून त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"आबांना दौंडला नेलंय," त्या म्हणाल्या. "दुपारीच. उलट्या थांबनात. हातपाय थरथरत व्हते, घामानं डबडबलेले. तुमच्याच खोलीच्या उंबऱ्यात पडले की."

"मग मला उठवलं का न्हाई?"

"तुमच्या बायकोनं दारावर हात टाकला व्हता. त्यांनीच तिचा हात धरला. म्हनले, रातपाळी करून आलाय, झोपू द्या त्याला."

मी काकूंवर ओरडलो. त्यांचा काय दोष? पण दाराच्या एका बाजूला माझा बाप तडफडत होता आणि दुसऱ्या बाजूला मी घोरत होतो, हे डोक्यात मावेना. मी तिथंच ओल्या उंबऱ्यावर बसलो.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. डॉक्टर विचारत होते, फवारणी केली होती का, काय खाल्लं होतं. फवारणी तर नव्हती. खाणं आम्हा सगळ्यांचं एकच होतं. मग ती थांबली आणि म्हणाली, "अहो, तेल. आबा डब्याच्या तळाचा गाळ टाकून देत न्हवते. रोज चटणीवर वतून भाकरीसंगं खात व्हते. येताना डबा घेऊन या. आन् म्हस खात न्हवती ती पेंड बी आना."

गाडीची किल्ली खोलीत होती. अंधारात सापडेना, म्हणून मी खिडकीवरचं पोतं ओढलं. खिळ्यासकट ते हातात आलं. इतके दिवस त्याची कोरी बाजू माझ्याकडं होती. बाहेरच्या बाजूला लाल कवटी होती आणि खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं, की हे औषध लावलेलं पेरणीचं बियाणं आहे, विषारी आहे, खायला, तेलाला किंवा जनावरांना वापरू नये.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. असल्या कवट्यांमध्ये माझी सगळी ड्युटी जाते. हातमोजे, मास्क, गॉगल घातल्याशिवाय आम्हाला ड्रमच्या जवळ फिरकू देत नाहीत. आणि घरी येऊन मी पितळी वाटीतून काय पीत होतो? मला त्या पोत्याला हात लावायचीसुद्धा भीती वाटायला लागली.

दौंडच्या डॉक्टरांनी डबा बघितला, पोत्याचा मोबाईलवरचा फोटो बघितला, आणि आधी मलाच तपासायला घेतलं. मी खुळ्यासारखं म्हणालो, "पण डॉक्टर, मला झोप तर चांगली लागत होती."

"ती झोप होती का गुंगी, ते तुमचं तुम्हालाही कळलं नसतं," ते म्हणाले. "तेलानं झोप सुधारते असं पुष्कळ लोक सांगतात. सुधारत असेलही थोडीफार, मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही घेत होता त्याला मी तेल म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आबा बोलायला लागले, तेव्हा मी त्या करडईचं विचारलं. "पेरायला आनलेलं," ते म्हणाले. "पाटाला पानी आलं, आपन ऊस लावला, करडई तशीच ऱ्हायली. बी काय फेकून द्यायचं? हौदात घालून धुतलं की चांगलं. लाल रंग पार जाईस्तवर धुतलं." रंग गेला म्हणजे औषध गेलं, एवढा साधा हिशोब. दाणा मातीत पडू द्यायचा नाही, वाया घालवायचा नाही, हे ज्या हातांना जन्मभर ठाऊक, त्यांनी तो दाणा चोळून चोळून धुतला होता, माझ्यासाठी. मी त्यांच्यावर भर वॉर्डात ओरडलो. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पर झोप लागत व्हती ना तुला?"

मी बाहेर जाऊन पोटभर रडलो.

धोका टळलाय असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दुपारी बायको म्हशीचं बघायला गावाकडं गेली. मी आबांच्या खाटेशेजारी फरशीवर चादर अंथरून जरा टेकलो. वॉर्डात नुसता बाजार होता. ट्रॉल्यांची खडखड, लहान मुलांची रडारड, कुणाचा तरी मोबाईल, डोळ्यांवर ट्यूबलाइट. आणि मला झोप लागली. पोटात तेलाचा थेंब नाही, खिडकीला पोतं नाही, तरी गाढ लागली.

जाग आली ती सिस्टरच्या ओरडण्यानं. सलाईनची बाटली कधीच रिकामी झाली होती. आबांच्या हातातून रक्त उलटं नळीत चढलं होतं, चांगलं वीतभर. आबा टक्क जागे होते. एका कुशीवर वळून माझ्याकडं बघत पडले होते.

"अहो बाबा, बाटली संपली तर हाक मारायची नाही का?" सिस्टर नळी सोडवत म्हणाली. "मुलगा इथंच तर होता."

"हळू बोला बाई," आबा म्हणाले. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."