डागांचं टेबल

माझ्या नणंदेला सगळी गल्ली 'डागवाली' म्हणते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिची लाँड्री. खिडकीशी पितळी पत्रा ठोकलेलं टेबल, त्यावर बाटल्या आणि ब्रश. त्या टेबलापाशी दुसऱ्या कुणी उभं राहायचं नाही. सासऱ्यांनी धंदा मुलाला शिकवायला घेतला होता, पण त्यानं पहिल्याच आठवड्यात कोटाची बाही जाळली. मग पोरीला उभं केलं, ती आजतागायत उभीच आहे. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "तेवढा वेळ कुणाला आहे?"

तो बाही जाळणारा मुलगा म्हणजे माझे यजमान. लग्न होऊन आले तशी मी काउंटरला बसले. पावत्या फाडते, घड्या घालते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते. डागाच्या टेबलाकडे नुसतं वळून पाहिलं तरी ताई म्हणायच्या, "तू कशाला नाक खुपसतेस?"

आणि यंदा त्यांनी माझ्या लेकीला त्या टेबलाशी उभं केलं. मला नाही, माझ्या लेकीला!

लेक कॉलेजातून एक शब्द घेऊन आली. "आई, आत्याकडे नो-हाऊ आहे."

"म्हणजे ज्ञान?"

"नाही गं. ज्ञान पुस्तकातही असतं. हे करून करून अंगात मुरतं."

"मग हातोटी म्हण, कसब म्हण. आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?"

"हातोटी नुसत्या हाताची झाली. कधी काय करायचं आणि कधी हात लावायचा नाही, हेही त्यात आलं."

"आणि माझ्याकडे काय आहे?"

ती गोड हसली. "तुझ्याकडे माया आहे."

माया! जिला काही येत नाही, तिच्या पदरात हे घालतात. मत्सर वाईट, हे मी रोज सकाळी पोथीत वाचते आणि पोथी मिटून खाली आले की दोघींची डोकी त्या टेबलावर जवळजवळ टेकलेली दिसतात. देवा, तूच सांग, जळू नको तर काय करू?

गेल्या महिन्यात ताईंना ताप आला होता. बऱ्या झाल्या आणि गिऱ्हाइकांना विचारू लागल्या, "डाग कशाचा?" पूर्वी कधी विचारत नसत, कापड नाकाशी नेलं की झालं. मला वाटलं, लेकीला शिकवायची पद्धत असेल. परवा शेगडीवर दूध करपलं, त्या शेजारीच पेपर वाचत बसलेल्या. मी फणकारले, "उठून गॅस बंद केला असता तर राज्य बुडालं असतं का?" पेपराची घडी करून त्या उठून गेल्या. मला तेव्हा तो गर्व वाटला.

आज एका बाईंचा ड्रायव्हर रेशमी स्कार्फ घेऊन आला. मधोमध पिवळट डाग.

"कशाचा?" ताईंनी विचारलं.

"मला काय माहीत? मी पोचवणारा माणूस."

लेक म्हणाली, "चहाचा दिसतो. गरम पाणी घेऊ, आत्या?"

ताईंनी स्कार्फ नाकाशी नेला. पुन्हा नेला. खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेव्हा मला ते करपलेलं दूध आठवलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांना वासच येत नव्हता.

खरं लिहिते, गप्प बसावंसं वाटलं. एकदा तरी चुकू दे हिचं, लेकीच्या देखत चुकू दे! लेकीनं किटली उचलली.

मी काउंटरमागून उठले, ताईंच्या हातातून स्कार्फ घेतला आणि हुंगला. "अंडं आहे. गरम पाणी घातलंस तर जन्मभर निघायचं नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आता 'नाक खुपसू नकोस' येणार, म्हणून मी सावरून उभी राहिले. पण त्या बाजूला सरकल्या. टेबलाशी एका माणसाची जागा झाली.

"अंडं म्हणते तुझी आई," त्या लेकीला म्हणाल्या. "गार पाणी घे."

शिकवलं लेकीलाच. ब्रशही तिच्याच हातात दिला. पण मी त्या जागेवरून हलले नाही, आणि पुढचं कापड ताईंनी आधी माझ्या नाकाखाली धरलं.