कातरलेले बाबा

आमच्या घरातल्या एकाही जुन्या फोटोत बाबांना डोकं नाही.

गैरसमज नको. डोकं होतं, आणि गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, ते उत्तम चालायचंही. पण संप चिघळला, गिरणी काही उघडेना आणि बाबा दिसेल तिथे नोकरीचे अर्ज करत सुटले. प्रत्येक अर्जाला फोटो लागे. स्टुडिओ परवडेना, म्हणून आईने शिवणाची कात्री घेतली आणि अल्बममधून बाबांचं एकेक डोकं कापून अर्जांवर चिकटवलं. लग्नाच्या फोटोतलं डोकं वॉचमनच्या जागेसाठी गेलं, मुंडावळ्यांसकट! (ती नोकरी मिळाली नाही, यात मी त्या साहेबांना दोष देत नाही.)

आता आईची पंचाहत्तरी आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. भेट काय हवी म्हणून विचारलं, तर साडी नको, चेन नको.

"ह्येंका एकदा तरणे बघूचे आसत," ती म्हणाली. "मोठे. भिंतीएवढे."

भिंतीवरचा हार घातलेला फोटो म्हातारपणीचा, तो तिला पुरत नव्हता.

"एवढंच ना? स्लाइड शो करतो," मी म्हणालो. ऑफिसात मी सारखी प्रेझेंटेशनं करतो. लोक झोपतात, पण करतो. आईची गोष्ट फोटोंतून सांगायची, लग्नापासून आजपर्यंत. अल्बम उघडला तर पानोपानी चौकोनी भोकं!

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"मग काय करूचा होता? अर्जार तुझो फोटो लावूचो होतो?"

बायको म्हणाली, "भोकं राहू देत. खाली नाव लिही."

"सुनीता, हे टेक्निकल काम आहे," मी म्हणालो. सत्यानाश इथून सुरू झाला.

शेवटी प्रभादेवीला तात्यांकडे एक फोटो सापडला. तात्या बाबांच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. फोटोत बाबा तरुण, डोळे मिटलेले आणि तोंड इतकं उघडं की पडजीभ दिसावी.

"वरचा सूर लागला होता," तात्या म्हणाले. "संपानंतर नाही गायला रे तो. बोलवलं की यायचा, मागे बसून राहायचा."

मी बाबांना गाताना कधी ऐकलंच नाही. कसा असेल तो आवाज? ऐकायला मिळाला असता तर, असं त्या दिवशी फार वाटलं. पण पंचाहत्तरी तोंडावर आली होती. मी ते डोकं कॉम्प्युटरवर कापलं आणि एकूणएक भोकात बसवलं.

चाळीच्या मंडळाच्या खोलीत पांढरी चादर बांधली, ऑफिसचा प्रोजेक्टर मागून आणला, दिवे घालवले. पहिली स्लाइड लग्नाची. आई लाजून खाली बघतेय आणि शेजारी नवरदेव डोळे मिटून टाहो फोडतोय! कुणीतरी खुसखुसलं. मग माझं बारसं. मला मांडीवर घेऊन बाबा बोंब मारतायत, जणू मुलगा झाल्याची बातमी आत्ताच कळली. सत्यनारायणाला बोंब, काकाच्या साखरपुड्यात बोंब. शेजारच्या मावशींनी तोंडात पदर कोंबला, भाचे जमिनीवर लोळायला लागले. गिरणीच्या गेटवरच्या मोर्चात मात्र ते तोंड इतकं चपखल बसलं की तात्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई हसत नव्हती. तिने डोळ्यांना पदर लावलेला दिसला. जन्मात तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली आणि मी तिचा तमाशा केला! शो तिथेच थांबवून पुन्हा पहिली, लग्नाची स्लाइड लावली, धडपडत चादरीपुढे आलो आणि हात जोडले.

"आई, माफ कर. मी सगळा विचका..."

"लग्नात ह्येंका गाऊचा होता," आई हळूच म्हणाली. "माझ्या बापाशीन गप बसवल्यान. मगे संपान गप केल्यान. आज बघा थंय गातत."

एका मुलाचं मन आता मोकळं होणार, हे जाणून मावशींनीही पदर सावरला. मी खोल श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं.

"बाळ्या," आई म्हणाली, "जरा बाजूक सर. ह्ये दिसनत नाय."